सात सेंटिमीटरने वाढलेले पूल

सोमवारी दुपारी चार वाजता नकाशाताईच्या टेबलावर दोन तक्ते शेजारी शेजारी पडले होते. एक गेल्या वर्षीचा, एक कालच आलेला. रस्ता एकच: तीन राज्यं, अकराशे चाळीस किलोमीटर, एकवीस पूल आणि नऊ ठिकाणी रस्त्यावर लोंबणाऱ्या विजेच्या तारा. एका वर्षात एकवीसच्या एकवीस पूल सात सेंटिमीटरने उंच झाले होते.

तिने पट्टी ठेवून ओळीने पुन्हा वजाबाक्या केल्या. सात, सात, सात. तारांचे आकडे मात्र वरखाली होते, आणि ते बरोबरच होतं. तारा उन्हात सैल पडतात, कोणीतरी येऊन ओढून जातं. पूल वाढत नाहीत. झालंच तर खालच्या रस्त्यावर डांबराचा नवा थर बसतो आणि पुलाखालची जागा कमी होते.

ऑफिसात तिला सगळे नकाशाताई म्हणत. अवजड मालाचे रस्ते आखायचं काम ती एकोणीस वर्षं करत होती. माल किती उंच, किती रुंद, कुठल्या पुलाखालून जाईल, कुठल्या वळणावर ट्रेलर मागे घ्यावा लागेल, कुठल्या राज्यात किती वाजेपर्यंत चालायची मुभा आहे, हे सगळं तिच्या टेबलावरून परमिटच्या अर्जात जायचं. या खेपेचा माल होता बॉयलरचा ड्रम. ट्रेलरवर चढवल्यावर जमिनीपासून चार मीटर शहाण्णव सेंटिमीटर. कंपनीचा नियम असा, की पुलाखाली निदान दहा सेंटिमीटर मोकळे राहिले पाहिजेत.

अडचण चौदा नंबरच्या पुलाची होती. दुसऱ्या राज्यातला रेल्वेपूल. गेल्या वर्षी त्याची उंची पाच मीटर एक सेंटिमीटर होती. त्या हिशेबाने मोकळी जागा पाच सेंटिमीटर, म्हणजे नापास. मग घाटाचा रस्ता घ्यायचा: एकशे नव्वद किलोमीटर जास्त, अकरा अवघड वळणं, चार दिवस वाढीव. कालच्या तक्त्यात तोच पूल पाच मीटर आठ होता. मोकळी जागा बारा. पास.

दुसऱ्या राज्याचा अर्ज बुधवारी दुपारी बारापर्यंत जायचा होता. तिने मोजणीवाल्याला बोलावून घेतलं.

त्याला सगळे फूटपट्टी म्हणत. उंच, हडकुळा, आणि कंपनीची सहा मीटरची अॅल्युमिनियमची काठी जीपच्या टपावर बांधून आयुष्यभर पुलाखाली उभा राहिलेला माणूस.

"बसा," ती म्हणाली. "पाच दिवसांत जाऊन आलात?"

"पाच दिवस आणि पंक्चरचे दोन तास. ते तास धरायचे की सोडायचे?"

"एकवीस पूल मोजलेत?"

"नाही, एकवीस पुलांची विचारपूस केली. म्हटलं, काय रे बाबांनो, वजन वाढलं का उंची?" तो बसला. मग तिच्या चेहऱ्याकडे बघून त्याचं हसू ओसरलं. "काय झालं ताई?"

तिने दोन्ही तक्ते त्याच्याकडे सरकवले. त्याने वाचले. सहाव्या ओळीपर्यंत त्याच्या भुवया स्थिर होत्या, सातव्या ओळीला त्या जवळ आल्या.

"मला काय वाटतं सांगू?" ती म्हणाली. "माणूस घरी बसला, जुना तक्ता समोर ठेवला आणि प्रत्येक आकड्यात सात मिळवले, तर नेमकं असं दिसेल."

"घरी बसून खोटंच लिहायचं तर मी जुनेच आकडे उतरवले नसते का? सात कशाला मिळवू? मला शाळेत बेरजेचा कंटाळा होता."

"चौदा नंबर पास व्हावा म्हणून."

"मला काय त्याचं? मी काय चौदा नंबरचा मेहुणा आहे?" त्याने फोन काढला आणि टेबलावर जरा जोरानेच ठेवला. "प्रत्येक पुलाखालचा फोटो आहे. काठी पुलाच्या कडेला टेकलेली, आकडा समोर. बघा. नंतर बोला."

तिने फोटो पाहिले. एकवीस पूल, एकवीस वेळा काठी, प्रत्येक वेळी तारीख. सतरा नंबरच्या फोटोत एक कुत्रं काठीच्या बुडाशी वास घेत होतं. माणूस गेला होता, यात शंका नव्हती. चौदा नंबरखाली काठी उभी होती आणि पुलाच्या खालच्या कडेपाशी काठीवर लाल रंगात लिहिलेलं होतं: पाच मीटर आठ.

म्हणजे फूटपट्टी खरं बोलत होता, आणि तरीही पूल वाढले होते. हे पहिल्यापेक्षा वाईट होतं.

ती मालकाच्या केबिनमध्ये गेली. त्याने तक्त्याकडे न बघताच सांगितलं, "चौदा नंबर पास आहे, मला कळलंय. कारखान्याला तारीख देऊन बसलोय मी. त्यांची क्रेन वीस तारखेनंतर तिथे नाही."

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"तुझ्या भावाने. सकाळीच फोन आला होता. आकडे चांगले आले म्हणून पोटात दुखणारं माणूस मी पहिल्यांदा बघतोय."

"आकडे चुकीचे असले तर ड्रम पुलाला लागेल."

"मग चूक शोध. बुधवारी बारापर्यंत."

ती जागेवर परत आली. तिचा भाऊ, दादा, या खेपेचा ड्रायव्हर होता. कंपनीतला सगळ्यात जुना. एवढा लांब ट्रेलर घाटात मागे घ्यावा तर त्यानेच. तक्ता काल संध्याकाळी ऑफिसात आला. ताईने तो आज दुपारी उघडला. दादाने सकाळीच मालकाला चौदा नंबर पास झाल्याचं सांगितलं होतं. इतकी घाई त्याला कधीपासून?

तिने अर्जाचा कोरा फॉर्म पुढे ओढला. चालकाचं नाव, लायसन्सचा नंबर, वैद्यकीय दाखल्याची मुदत. दुसऱ्या राज्याचा नियम होता: परमिटच्या शेवटच्या दिवसापर्यंत चालकाचा दाखला चालू हवा. दादाचा दाखला एकवीस तारखेला संपत होता. जवळच्या रस्त्याने गेला तर तो वीसला परत आला असता. घाटाने गेला तर चोवीस, म्हणजे निघायच्या आधी नवी तपासणी.

तिने चौदा नंबरचा फोटो पुन्हा उघडला आणि बोटांनी मोठा केला. काठीवरचे आकडे ताजे होते. पाचाची शेपटी लांब ओढून शेवटी वर वळवलेली होती. तसा पाच सगळ्या गाड्यांच्या मागच्या फळ्यांवर होता. तो कोणाच्या हातचा, हे तिला विचारावं लागलं नसतं. तरीही तिने फूटपट्टीला विचारलं.

"दादांनी रंगवून दिली," तो म्हणाला. "जुने आकडे पुसट झाले होते. मोजणीला निघायच्या आदल्या दिवशी नेली, सगळी खरवडली, टेप लावून नव्याने खुणा केल्या. दादांचं अक्षर चांगलं ना."

"काठी आत्ता आणा. फाटकापाशी."

ऑफिसच्या आवारात जायच्या फाटकावर लोखंडी आडवा बार होता. त्याची उंची सगळ्या ड्रायव्हरांना पाठ होती: साडेपाच मीटर. तसा फलकही होता. फूटपट्टीने काठी उभी केली आणि त्या आडव्या बारला टेकवली. ताईने मान वर करून वाचलं. पाच मीटर सत्तावन्न.

फूटपट्टीने आधी फलक वाचला, नंतर काठी. मग म्हणाला, "फाटकसुद्धा वाढलं."

काठी आडवी ठेवून तिने ऑफिसची टेप लावली. तीन मीटरच्या खाली काठीवर खुणा नव्हत्याच, इतका बुटका पूल कोण मोजणार. त्यामुळे ही गोष्ट नजरेतून सुटली होती. तीन मीटरची खूण बुडापासून दोन मीटर त्र्याण्णववर होती. चार मीटरची, तीन त्र्याण्णववर. सगळ्या खुणा सात सेंटिमीटर खाली बसल्या होत्या.

"ताई," फूटपट्टी म्हणाला, "मी घरी बसलो होतो म्हणालात ना तुम्ही."

"म्हणाले. चुकलं माझं."

"चहा पाजा म्हणजे विसरतो."

तिने चहा सांगितला, पण स्वतः घेतला नाही. सात या आकड्याचं काय ते आता तिच्या लक्षात आलं होतं, आणि ते फूटपट्टीला सांगण्यासारखं नव्हतं.

त्यांचे वडील सुतार होते. त्यांच्या लोखंडी टेपचं टोक एकदा दारात सापडून तुटलं. त्यांनी ते कानशीने घासून बरोबर सातच्या रेघेवर सरळ केलं आणि तीच टेप पुढे वापरली. टेप सातपासून सुरू व्हायची. घरात कोणीही काहीही मोजलं की पाठोपाठ म्हणायचं: सात वजा. बहीणभावंडांची उंची, खिडकीची चौकट, पलंगाची फळी, सगळ्यातून सात वजा. वडिलांनंतर ती टेप दादाने ठेवून घेतली. त्या घरात वाढलेला माणूस सात वजा करायला विसरेल, यावर तिचा विश्वास बसेना. विसरला नसेल, तर मुद्दाम केलं होतं.

मंगळवारी दुपारी ती त्याच्या घरी गेली. वहिनी दारातच भेटली. "आत आहेत," एवढंच म्हणाली आणि नेहमीसारखं हसली नाही. दादा खिडकीपाशी खुर्चीत बसला होता. पुढ्यात अवजारांची पेटी होती.

"या मास्तरीणबाई," तो म्हणाला. लहानपणापासून तो तिला तसंच म्हणे. "रस्ता वाचून दाखवायला आलीस?"

ही नेहमीची पद्धत. गेलं दीड वर्ष प्रत्येक खेपेच्या आधी ती त्याला मार्गाचा तक्ता मोठ्याने वाचून दाखवत होती. त्याआधी तो स्वतः वाचायचा, पेन्सिलने खुणा करायचा. मग एकदा म्हणाला, तुझ्या तोंडून ऐकलं की डोक्यात बसतं. तिलाही ते बरं वाटलं होतं.

"आधी टेपा काढ," ती म्हणाली.

"कुठल्या?"

"काठी कुठल्या टेपेने मोजलीस?"

मग पेटीत हात घालून त्याने दोन टेपा काढल्या. दोन्हींचे डबे पिवळे, दोन्ही सारख्याच आकाराच्या.

"नवी कुठली?"

त्याने दोन्ही डब्यांकडे पाहिलं नाही. पहिल्या टेपेचं टोक बाहेर ओढून त्यावरून अंगठा फिरवला. टोकाला वाकवलेला पत्रा होता. "ही नवी." दुसऱ्या टेपेचं टोक गुळगुळीत होतं. "ही बाबांची. त्या दिवशी काय झालं, हातमोजे घातले होते. रंग लागतो ना. टोक कळलं नाही. घाईत बाबांची टेप हातात आली असेल."

"आकडा दिसला नाही? पहिलाच सात असतो तिच्यावर."

"घाईत होतो म्हटलं ना."

स्पष्टीकरण नीट जुळत होतं. तिला ते मानून टाकावंसं वाटलं. पण तिची नजर त्याच्या हातावर होती. अंगठ्याच्या आणि पहिल्या दोन बोटांच्या नखांच्या कडांना लाल रंग बसला होता. आठवडा झाला तरी निघाला नव्हता.

तिने पिशवीतून मार्गाचा तक्ता काढून त्याच्या हातात दिला. सकाळीच ऑफिसात बसून तिने तो नव्याने लिहिला होता.

"आज तू वाच. चौदा नंबरसमोर काय लिहिलंय?"

त्याने कागद खिडकीकडे धरला. हात लांब केला, जरा जवळ आणला, पुन्हा लांब केला. मग ठामपणे म्हणाला, "पाच मीटर आठ. पास."

चौदा नंबरसमोर तिने लाल पेन्सिलने, बोटाएवढ्या अक्षरात लिहिलं होतं: पाच मीटर एक. नापास.

दारात उभ्या असलेल्या वहिनीने पदराचं टोक हातात घेतलं आणि ती आत निघून गेली. तिला माहीत होतं, हे ताईला तिच्या पाठीवरूनच कळलं.

"कधीपासून?" ताईने विचारलं.

"जवळचं दिसत नाही एवढंच. लांबचं दिसतं मला."

"मघाशी मी गल्लीच्या टोकाला होते. तू खिडकीत होतास. मी हात केला."

त्याने खिडकीकडे मान वळवली.

"आणि नखांत रंग कसा गेला? हातमोज्यांतून?"

आत कुठेतरी भांडं ठेवल्याचा आवाज आला. दादाने कागदाची घडी घातली, मग ती उलगडली.

"सुरुवातीला खरंच कळलं नाही," तो म्हणाला. "दोन्ही डबे सारखे दिसतात मला. पिवळं काहीतरी. तीनपासून वरपर्यंत खुणा करून झाल्या. आकडे रंगवून झाले. टेप गुंडाळताना टोक अंगठ्याला लागलं, तेव्हा कळलं."

"मग पुसायचं होतंस."

"पुसायलाच घेतलं होतं फडकं. मग चौदा नंबर आठवला. म्हटलं, सात मिळाले तर तो पास होतो. वीसला मी घरी. तपासणी नाही. ही एक खेप, आणि आल्यावर गाडी सोडणारच होतो. तुझ्या वहिनीला विचार."

"आणि पुलाखाली काय करणार होतास?"

"चाकांतली हवा सोडायची. चार बोटं खाली बसतो ट्रेलर. आयुष्यभर केलंय."

"त्या पुलाखाली रस्ता खोलगट आहे, दादा. लांब ट्रेलरची पुढची चाकं चढावर आणि मागची उतारावर असतात, मधला ड्रम सहा सेंटिमीटर वर उचलला जातो. दहाचा नियम त्याच्यासाठीच आहे. मोकळे आहेत फक्त पाच. हवा सोडून किती उरतात, ते थांबून वर बघूनच ठरवावं लागतं. बघणार कोण? तू?"

"क्लीनर असतो."

"क्लीनर मागे असतो. आणि रेल्वेचा पूल आहे तो. वरून गाड्या जातात."

त्याने अंगठ्याचं नख दुसऱ्या अंगठ्याने खरवडलं. रंग तसाच राहिला. "तुझ्या तक्त्यावर माझा भरवसा आहे," तो म्हणाला. "म्हणून तर तुला फसवायचं जिवावर आलं."

"पण फसवलंस."

"काठीला फसवलं. तुला नाही."

"काठी माझ्याच टेबलावर येते."

तो हसला, थोडंसंच. "मालकाला सांगणार?"

"काठी चुकीची रंगवली गेली, एवढं सांगायलाच हवं. नाहीतर ते फूटपट्टीवर जाईल. मी आधीच त्याला खोटारडा म्हणून बसले. डोळ्यांचं तू स्वतः सांग. उद्या सकाळी नऊला डॉक्टरकडे जायचं, मी येते. अर्जात चालकाच्या नावाची जागा मी कोरी ठेवली आहे. डॉक्टर काय म्हणतो त्यावर ती भरेन."

"आणि मी नाही आलो तर?"

"तरी भरेन. तुझं नाव नसेल."

बुधवारी सकाळी डॉक्टरने दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू सांगितला. उजवा बराच पिकलेला होता. ऑपरेशन होईल, दिसेल, पण तोवर ट्रेलर नाही. दादाने फक्त विचारलं, "किती दिवस?" डॉक्टर म्हणाला, एकेका डोळ्याचं करू, तीन महिने धरा. बाहेर आल्यावर दादाने ताईचा दंड धरला. पायऱ्या उतरताना त्याने याआधी कधी तो धरला नव्हता. की धरला होता आणि आपल्या लक्षात आलं नव्हतं, याचा तिने रिक्षात बसून विचार केला.

मालकाला त्याने फोनवर स्वतःच सांगितलं. ती शेजारी बसली होती. पलीकडून बराच वेळ आवाज येत होता. दादा मध्ये मध्ये "हो" म्हणत होता. शेवटी म्हणाला, "क्रेनचं तुम्ही बघा. पुलाचं ती बघते."

साडेअकराला ती टेबलाशी होती. घाटाचा रस्ता, सुधारलेल्या उंच्या, चढत्या घाटासाठी पोलीस सोबतीची मागणी. फूटपट्टीने काठी नव्याने खरवडून आणली होती आणि तो दारात उभा होता.

"यावेळी कोण रंगवणार?" त्याने विचारलं.

"तुम्ही. आणि टोक तपासून."

"माझं अक्षर घाण आहे."

"घाण चालेल."

तिने चालकाच्या रकान्यात दुसऱ्या ड्रायव्हरचं नाव लिहिलं. तो माणूस चांगला होता, पण हा घाट त्याने ट्रेलर घेऊन एकदाच चढलेला. बाराला दहा मिनिटं असताना फोन वाजला.

"कोणाचं घातलंस?" दादाने विचारलं.

तिने सांगितलं.

"हं. घाटाचा भाग वाच."

"अर्ज पाठवायचाय मला."

"पाच मिनिटं आहेत. वाच."

तिने वळणं वाचायला सुरुवात केली. सहाव्याला त्याने अडवलं. "इथे थांब. तिथे आतल्या बाजूला चर आहे, गवताने झाकलेला. वरून रस्ताच वाटतो. चाक आत घेतलं की बसलं. त्याला सांग, बाहेरच्या कडेने घे, कितीही भीती वाटली तरी. आणि नवव्यावर डाव्या हाताच्या फांद्या खाली आल्यात, माणूस पुढे पाठवून बघायचं."

"गेल्या वर्षीच्या तक्त्यात चर नाही."

"तुझ्या तक्त्यात नाही. माझ्या डोक्यात आहे."

ती लिहायला लागली आणि थांबली. दीड वर्ष ती त्याला वाचून दाखवत होती, आणि तो ऐकून मान हलवत होता. त्यातलं किती त्याला दिसलं होतं आणि किती पाठ होतं, हे आता सांगता आलं नसतं. चराचंही तसंच. तो चर आत्ता तिथे होता की भरला गेला होता?

"हा चर तू कधी पाहिलास?" तिने विचारलं.

मग तो म्हणाला, "दोन वर्षं झाली असतील."

तिने सहाव्या वळणापुढे लिहिलं: आतल्या बाजूला चर असण्याची शक्यता. जाऊन बघावं. फांद्यांपुढेही तेच लिहिलं. मग तिने अर्ज पाठवला, फूटपट्टीला हाक मारली आणि जीप काढायला सांगितलं.